वरचे दोन हात

केसरीनाथशेठची विहीर चौदा हात रुंद आहे, हे भिवंडीजवळच्या कामतघरात शेंबडं पोरसुद्धा सांगत असे. शेठच्या वडिलांनी, दाजींनी, ती खणली तेव्हा भोवती भातशेती होती. पुढे शेतात चाळी उभ्या राहिल्या, चाळींच्या पुढ्यात लूमचे कारखाने खडखडायला लागले, आणि भाताला पाणी देणारी विहीर भाडेकरूंना पाणी द्यायला लागली. भाड्यात पाणी धरलेलंच होतं, तरी शेठ ते उपकार म्हणून देत असे आणि दिवसातून एकदा तरी तसं बोलूनही दाखवत असे.

विहिरीच्या तोंडावर, या काठापासून त्या काठापर्यंत, सागाच्या दोन जाडजूड फळ्या टाकलेल्या होत्या. बायांनी त्या फळ्यांवर एका ओळीत उभं राहायचं आणि दोराला कळशी बांधून मधोमध सरळ खाली सोडायची. काठावर उभं राहून पाणी काढायचं नाही, हा दाजींचा नियम. काठावरून ओढलं की कळशी भिंतीला आपटते आणि चिरे ढिले होतात, असं ते म्हणत. दाजी गेले त्याला बरीच वर्षं झाली होती. चिरे होते तिथे होते आणि नियमही होता तिथे होता.

फळीवर एका बाईला कोपरं हलवायची तर दोन हात जागा लागते. चौदा हातांत सात बाया. म्हणून सात-सातच्या पाळ्या. पहिली पाळी शेठच्या घरच्या आणि भावकीतल्या बायांची, दुसरी जुन्या चाळीतल्यांची, तिसरी नव्या चाळीची. पण नव्या चाळीत बाया होत्या आठ. ज्याने शेवटी खोली घेतली त्याची बायको शेवटी, असा शेठचा कायदा. ती शेवटची आठवी म्हणजे ठमाबाई. तीन पाळ्या उरकल्या, सगळ्या जणी भरल्या कळश्या घेऊन घरी गेल्या, की त्या लांबलचक फळीवर ही एकटी उभी राहायची.

एरवी हे चाललं असतं. पण ते त्र्याहत्तर साल होतं. आदल्या वर्षीचा पाऊस दगा देऊन गेला होता, मे महिन्यात विहिरीचा तळ दिसत होता, आणि रात्रभर झिरपून जे काही पाणी साठायचं ते पहिल्या दोन पाळ्यांतच संपायचं. तिसरीच्या वाटेला गढूळ. ठमाबाईच्या वाटेला निव्वळ गाळ. मग ती काठाशी बसून राहायची, झरा पुन्हा जमेपर्यंत. नाक्यावर नगरपालिकेचा नळ होता, पण त्याला पाण्यापेक्षा भांडणंच जास्त येत.

बसून राहणं हे ठमाबाईच्या रक्तातच नव्हतं. अंबाडीपलीकडच्या गावची ती. नवरा रघू लूमवर लागला म्हणून त्याच्यामागून आली आणि आल्या महिन्यात तिने स्वतःला काम शोधलं. धामणकर नाक्याच्या अलीकडे एका कारखान्यात कांडी भरायच्या मशिनी होत्या. लूमवर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायच्या कांडीवर सूत गुंडाळायचं काम, आणि ते सगळं बायांच्या हातचं. सकाळचा भोंगा वाजला की मशिनी सुरू. ठमाबाईचा हात इतका चलाख होता, की मुकादम पंढरी इतर बायांना तिच्याकडे बोट दाखवून टोमणे मारायचा. पण मे लागल्यापासून ती रोज उशिरा पोचू लागली, आणि त्या बुधवारी पंढरीने टोमण्यांचा रोख फिरवला.

"ठमाबाय, हात चांगला हाय तुजा. पण हात उशिरा येतो. उद्या परवा सोड, सनवारी भोंग्याच्या आत न्हाय आलीस तर तुजी मशीन दुसरीला दिली. मालक माजं डोकं खातो."

"पानी मिळत न्हाय मुकादम, मी काय करू?"

"बाकीच्यांना मिळतं ना?"

बाकीच्यांना मिळत होतं. म्हणजे पाणी नव्हतं असं नाही, जागा नव्हती. ठमाबाईच्या डोक्यात ही गोष्ट त्या दिवशी अशी बसली, की घरी येईपर्यंत तिने वाटेत दोघा रिक्षावाल्यांशी विनाकारण भांडण काढलं.

गुरुवारी सकाळी पहिली पाळी फळीवर चढली आणि ठमाबाईने आपली तांब्याची कळशी काठावर ठेवली. ठेवली म्हणजे आपटली. फळीवरच्या सातही जणींनी माना वळवल्या.

"काठावर न्हाय हां," शेठची बायको राहीबाई म्हणाली. बाई वाईट नव्हती. नवऱ्याचं वाक्य तिच्या तोंडातून सवयीने बाहेर पडायचं.

"का न्हाय, वयनी?"

"दाजींनी सांगितलं हाय."

"मना न्हाय सांगितलं. मी आले तवा ते गेले होते."

जुन्या चाळीतल्या कुणी तरी फिसकन हसली. ठमाबाईची शेजारीण गुणाबाई मात्र घाबरून तिचा पदर ओढायला लागली. गुणाबाईला तीन मुली होत्या आणि भिण्यासारख्या गोष्टी तिला शोधाव्या लागत नसत. "गप ना ग बाय," ती कुजबुजली, "आपली पाळी येनारच हाय." "तुजी येल," ठमाबाई मोठ्याने म्हणाली, "माजी येते तवा पानी गेलेलं असतं."

आवाज ऐकून केसरीनाथशेठ दातांत कडुनिंबाची काडी धरून ओटीवरून खाली उतरला. मागोमाग समोरच्या चहाच्या टपरीवरचे चार लोकही आले. रात्रपाळी संपवून चहा पीत बसलेल्या लूमवाल्यांना झोपेपेक्षा तमाशा केव्हाही प्यारा. लोक जमले की शेठला बोलायचा हुरूप येत असे. त्याने काडी तोंडातून काढली.

"काय पायजे तुना?"

"काठावरून पानी काढू द्या शेठ. फळीवर सात मावतात, काठावर जास्ती मावतील. सगळ्यांना एकदम मिळेल, आनि सारखं मिळेल."

शेठला राग आला नाही, उलट मजा वाटली. भाड्याने खोल्या देणारा माणूस जागेच्या बाबतीत स्वतःला मोठा जाणकार समजतो. त्याने विहिरीकडे हात केला. "बग, मी तुना समजावतो. फळीच्या या अंगाला अर्धा काठ, त्या अंगाला अर्धा काठ. या अंगाला सात, त्या अंगाला सात. किती झाल्या? चौदा. तुमी हायत बावीस. आठ जनी उरल्याच ना? मंग त्या आठ कोन? नवी चाळ. म्हंजे फिरून तूच. उगाच माज्या बापाचा नियम कशाला मोडतेस?"

टपरीवरच्या मंडळींनी माना डोलावल्या. हिशेब पटण्यासारखा होता. गुणाबाईलासुद्धा पटला. एकट्या ठमाबाईला पटला नाही, आणि का नाही ते तिच्या तोंडातून विचार करण्याआधीच बाहेर पडलं.

"चौदा न्हाय. बावीसच्या बावीस मावतील."

"काय?"

"गोल हाय ती, शेठ. गोलाचा काठ रुंदीच्या दुप्पट नसतो. तिप्पट असतो, आनि वर थोडं. रुंदी चौदा हात, तर काठ चव्वेचाळीस हात. एकेकीला दोन हात, म्हंजे बावीस."

शेठ एवढ्या जोरात हसला, की हातातली काडी विहिरीत पडली. "चव्वेचाळीस! बाय, काठ आपोआप वाढत न्हाय. माजं सगळं आयुष्य या काठावर गेलं." तो टपरीवाल्यांकडे वळला. "ऐका रं. उद्या शुक्रवार, लूम बंद, सगळे घरीच हायत. उद्या सकाळी सगळ्यांसमोर मोजू. या बावीस जनी दोन-दोन हात सोडून काठावर मावल्या, तर सगळ्यांनी एकदम काढा पानी, माजा शब्द हाय. आनि न्हाय मावल्या, तर ही बाय उद्यापासून काठाशी बसून राहील आनि तोंड उघडनार न्हाय. कबूल?"

"कबूल," ठमाबाई म्हणाली.

रघूने हे ऐकलं तेव्हा तो कामावर निघण्याआधी जेवत होता. हातातला घास त्याने ताटात ठेवला. रघू गरीब स्वभावाचा, आणि लूमच्या खडखडाटात राहून त्याचा आवाजही खाली गेलेला. "त्यांच्या खोलीत राहतो आपन," तो म्हणाला. "उद्या हाकलून दिलं तर कुठं जानार? दोन हात जागेसाठी राहती खोली घालवशील तू."

"आवो, त्या दोन हातांसाठी माजी मशीन जाते. ती गेली तर खोलीचं भाडं कशातून देनार?"

"आनि चुकलं तर?"

खरं सांगायचं तर चुकेल ही भीती तिलाही होती. सातवीपर्यंत ती अंबाडीच्या शाळेत गेली होती. गणित आवडायचं, पण त्याला आता किती पावसाळे झाले. परीघ आणि व्यास हे शब्द कधी तरी पाठ केलेले, बावीस छेद सात हेही पाठ केलेलं. पण पाठ केलेल्या गोष्टीवर राहती खोली पणाला लावायची?

त्या दुपारी कांडीच्या मशिनीपाशी तिने जेवणाच्या डब्याचं झाकण उलटं ठेवलं. सूत तर तिच्या चहूकडे होतं. झाकणाच्या कडेभोवती तिने सुताचा एक वेढा दिला, तोडला, आणि तो तुकडा झाकणावर आडवा धरला. एकदा गेला. दुसऱ्यांदा गेला. तिसऱ्यांदा गेला. आणि चिमटीत थोडं सूत उरलं. त्या उरलेल्या सुताकडे बघताना तिला अख्खे गुरुजी आठवले, टोपीसकट.

गुरुजींनी तो धडा शिकवायला वर्ग गावातल्या खळ्यावर नेला होता. मधोमध मळणीची मेढ, भोवती सारवलेलं गोल खळं. दोराने रुंदी मोजायची आणि काठाभोवती दोर किती वेळा बसतो ते पाटीवर लिहायचं. ठमाने 'तीन' लिहिलं. उरलेला तुकडा लहान होता म्हणून तिने तो सोडून दिला. गुरुजींनी पाटीवर भलंमोठं शून्य काढलं. "तीन काय? इथे बघ, इथे काठ उघडा राहिला. एवढ्याशा जागेतून तुझ्या बापाचं भात बाहेर सांडेल. थोडं आहे म्हणून ते शून्य होत नाही, समजलं?" आख्खा वर्ग हसला होता. ठमा त्या दिवशी रडली नव्हती, पण तो तुकडा तिने पुढे कधी सोडला नाही. आता तिने ते सुताचं टोक बोटाला गुंडाळलं आणि मशीन सुरू केली.

शुक्रवारी लूम गप्प होते. भिवंडीत लूम गप्प झाले की माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं, आणि त्या दिवशी सगळे एकच बोलत होते. विहिरीभोवती जत्रा जमली. शेठची म्हातारी आई, जिला सगळे आक्का म्हणत, तीसुद्धा ओटीवर पाट टाकून बसली. शेठ धुवट सदरा घालून आला होता. त्याने स्वतः नवा दोर आणला, कारण भाडेकरणीच्या दोरावर त्याचा विश्वास नव्हता.

ठमाबाई फळीवरून चालत गेली आणि विहिरीचं तोंड आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत दोराने मोजलं. गाठ मारली, दोर तोडला. "ही तुमची फळी, शेठ," ती म्हणाली. "यात सात बाया. बरोबर?"

"बरोबर."

मग तिने फळीच्या टोकापाशी काठाच्या चिऱ्यावर कोळशाने रेघ ओढली, दोराचं टोक गुणाबाईच्या हाती दिलं आणि ते रेघेवर दाबून धरायला सांगितलं. गुणाबाईने ते अंगठ्याने दाबून धरलं. ठमाबाई ओणवी होऊन काठाच्या गोलाईला दोर चिकटवत निघाली. दोर संपला तिथे दुसरी रेघ.

"सात," टपरीवरचा एकजण ओरडला.

फळीचं पलीकडचं टोक अजून बरंच दूर होतं. शेठच्या हिशेबाने दोर तिथवर पोचायला हवा होता. त्याने मान पुढे काढून पाहिलं. कुठे दोर सैल सोडला असेल, असं त्याच्या मनात आलं असावं, कारण तो दोन पावलं पुढे येऊन उभा राहिला.

पुन्हा दोर. "चौदा." आता फळीचं दुसरं टोक मागे पडलं होतं, पण सुरुवातीच्या रेघेपाशी पोचायचं नाव नव्हतं. शेठच्या म्हणण्याप्रमाणे काठ इथे संपला होता. ज्या काठावर आपलं आयुष्य गेलं त्याचा एवढा मोठा तुकडा आपण कधी मोजलाच नव्हता, हे त्याला भरचौकात कळत होतं. त्याचे कान लाल झाले.

तिसऱ्यांदा दोर. "एकवीस!" या वेळी बरेच जण एकदम ओरडले, आणि त्यात जुन्या चाळीतल्या बायाही होत्या. दोराचं टोक गुणाबाईच्या अंगठ्याजवळ आलं होतं, पण टेकलं नव्हतं. मधे थोडा काठ उरला होता. ठमाबाईने आपला हात कोपरापासून बोटापर्यंत त्यावर ठेवला. एक हात. पुन्हा ठेवला. दोन. बोटाचं टोक बरोबर पहिल्या रेघेला लागलं.

"बावीस," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, कारण धाप लागली होती.

"वा बहनजी!" एक उत्तरेकडचा विणकर हातातला ग्लास उंचावून म्हणाला. "पूरा का पूरा निकला!" लोक हसले, दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. रघू मागे कुठे तरी उभा होता, तो चक्क पुढे आला.

केसरीनाथशेठ मात्र हसला नाही. हरलेला माणूस कधी कधी मोठ्या मनाने हसून मोकळा होतो, पण त्याला निदान मन तरी लागतं. त्याने त्या उरलेल्या दोन हातांवर नजर टाकली. मग त्याच्या चेहऱ्यावर जुनी मजा परत आली.

"बरोबर हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "शब्द हाय माजा, फिरवनार न्हाय. तीनदा दोर पडला. तीन पाळ्या मावल्या. घरच्या सात, जुन्या चाळीच्या सात, नव्या चाळीच्या सात. काढा सगळ्यांनी एकदम. वरचं जे राहिलं," त्याने त्या दोन हातांकडे पायाचा अंगठा दाखवला, "ती चिल्लर. ती मोजन्यात धरत न्हाईत." आणि गोठ्याशी पडलेली म्हशीची बादली उचलून त्याने त्या दोन हात जागेत ठेवून दिली. "इथं म्हस पानी पील. ठमाबाय, तू थांब मागून. रोजच्यासारखी."

त्याला अडवायचं तरी कुणी? एकवीस जणींना स्वच्छ पाणी मिळत होतं, तेही एकाच वेळी, आणि ते ठमाबाईमुळेच मिळत होतं. ज्याला ज्याचं मिळालं त्याचं तोंड बंद करायला फार काही लागत नाही, हे शेठला पक्कं ठाऊक होतं. बाया एकेक करून काठावर आल्या. दोन-दोन हात सोडून उभ्या राहिल्या. दोरांच्या गाठी तपासू लागल्या. ठमाबाईकडे बघायचं सगळ्यांनी टाळलं.

ठमाबाईच्या मनात त्या क्षणी काय आलं? संताप आला. नुसता शेठचा नव्हे. त्याची तर तिला सवय होती. संताप आला तो त्या वाकलेल्या एकवीस माना बघून. वाटलं, कळशी घ्यावी आणि निघून जावं, गाळ भरावा, मशीन जाऊ द्यावी, पुन्हा या बायांचं तोंड बघू नये. मग तिचं लक्ष बोटाकडे गेलं. काल गुंडाळलेलं सूत अजून तिथे होतं.

ती चालत बादलीपाशी गेली. बादली उचलली. केसरीनाथशेठसमोर जाऊन तिने ती त्याच्या हातात दिली, आणि माणूस हातात दिलेली वस्तू जशी नकळत धरतो तशी त्याने ती धरली.

"म्हस गोठ्यात हाय, शेठ. तिथं ठेवा."

मग ती त्या दोन हात जागेत येऊन उभी राहिली. एका बाजूला गुणाबाई, दुसऱ्या बाजूला राहीबाई. तिघींची कोपरं एकमेकींना लागत नव्हती. जागा बरोबर होती.

"हल तिथून," शेठ म्हणाला.

"न्हाय हलनार."

"काठ माजा हाय!"

"तुमचाच हाय. मी कुठं उचलून न्हेते? पन ह्ये दोन हात सोडले तर तो पुरा होत न्हाय. तीनदा मोजून गोल बंद होत न्हाय, शेठ, तुमच्यासमोर मोजलं मी. उघडा राहतो. ती उघडी जागा माजी."

शेठच्या हातात बादली होती आणि सगळा गाव बघत होता. त्याने ती बादली जमिनीवर आदळली. "ऐका ग सगळ्या! ही बाय तिथून हलल्याबिगर कुनी कळशी खाली सोडायची न्हाय. जी सोडील तिची खोली आजच्या आज खाली. बगू, तुमीच हिला कशा हाकलत न्हाय!"

ही मात्र खरी चाल होती. बायांच्या घरी चुली खोळंबल्या होत्या, पोरं तहानली होती, ऊन चढत होतं. आता कुणी तरी म्हणेल, ठमाबाय, तुज्या एकटीसाठी आमी सगळ्यांनी का मरायचं? कुणी तरी म्हणेलच. ठमाबाई वाट बघत राहिली. तिने दोर मुठीत एवढा घट्ट धरला होता, की बोटं पांढरी पडली. रघूकडे तिने पाहिलं नाही.

आणि मग विहिरीत आवाज झाला. कळशी काठाच्या चिऱ्यावर ठण्णकन आपटली आणि डुबुक करून पाण्यात गेली. दाजींच्या नियमाला इतकी वर्षं झाली, पण तसा आवाज त्या विहिरीने पहिल्यांदाच ऐकला. ठमाबाईने खाली पाहिलं. तिची कळशी तर हातातच होती.

गुणाबाईने सोडली होती. तीन मुलींची आई, भित्री गुणाबाई. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि ओठ हलत होते. कुठल्या देवाचं नाव घेत होती कोण जाणे, पण हात दोर ओढत होते.

"गुणाबाय!" शेठ गरजला. "खोली खाली!"

"करते," गुणाबाई डोळे न उघडता म्हणाली. "पानी भरून झालं की करते."

पलीकडून कुणी तरी हसली, आणि त्या हसण्यातच दुसरी कळशी आपटली. मग तिसरी. मग जुन्या चाळीच्या बाजूला एकदम चारपाच. ठण्ण, ठण्ण, ठण्ण, विहीर आतून देवळासारखी वाजायला लागली. किती खोल्या खाली करणार होता शेठ? नव्या चाळीच्या सगळ्या? जुन्या चाळीच्याही? भावकीतल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्यांनीही दोर सोडले. त्या तर भाडेकरी नव्हत्याच, त्यांना हाकलायचं कुठून? उरली राहीबाई. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या ठमाबाईकडे पाहिलं. "मनाबी घरी पानी लागतं," ती जणू कळशीला सांगावं तशी म्हणाली, आणि तिने दोर सोडला. ओटीवरून आक्का ओरडली, "क्येसू, ती बादली उचल, म्हस वरडते कवाची!" आईच्या तोंडून चारचौघांत 'क्येसू' ऐकल्यावर शेठला बादली उचलून गोठ्याकडे जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

ठमाबाईने सगळ्यांत शेवटी कळशी सोडली. घाई नव्हती. पाणी होतं.

शनिवारी मात्र घाई झाली. चूल पेटेना, रॉकेल संपलेलं, आणि रघूचा डबा व्हायला उशीर झाला. ठमाबाई कळशी घेऊन धावत निघाली तेव्हा तिला स्वतःचीच चीड येत होती. एवढं सगळं करून आज पहिल्याच दिवशी आपण शेवटी. बाकीच्या थोड्या सरकल्या असतील, आणि जागा उरलीच नसेल. बाया सरकतात. दोन हात ते काय, दोघी जरा सैल उभ्या राहिल्या की गेले. शेठने तर सकाळीच माणूस पाठवून कोळशाची रेघ पाण्याने पुसून टाकली होती, असं गुणाबाईची थोरली पोरगी सांगत आली होती.

ती विहिरीपाशी पोचली. एकवीस जणी काठावर वाकलेल्या होत्या, कळश्या भिंतीला आपटत होत्या, चिरे जागच्या जागी होते. रेघ खरंच पुसलेली होती. सगळा काठ पाण्याने भिजून काळा झाला होता. फक्त गुणाबाई आणि राहीबाईच्या मधे दोन हात चिरा कोरडा होता. तिथे ना कुणी उभं होतं, ना कुणाची कळशी ठेवलेली होती. दोघींनी आपापली कोपरं आत घेतली होती.

"ये लवकर," राहीबाई दोर ओढता ओढता म्हणाली, "भोंगा होईल."

ठमाबाई त्या कोरड्या चिऱ्यावर उभी राहिली. तिने कळशी सोडली. कळशी स्वच्छ पाण्याने भरून वर आली. ओटीवर केसरीनाथशेठ काडी चावत बसला होता आणि मोठ्या लक्षाने म्हशीकडे बघत होता.

भोंगा झाला तेव्हा ठमाबाई मशिनीपाशी बसलेली होती आणि पहिली कांडी अर्धी भरली होती.